ज्याचं माप त्याच्या पदरात

शिवणकाकूंच्या दुकानात नवं असं फारसं शिवलं जात नसे. पँट आखूड करायची, फ्रॉकची दुमड सोडून तो लांब करायचा, चेन बदलायची, कॉलर उलटवायची, हीच कामं. अपवाद एकच. कुणी आपला झिजून जाळी झालेला लाडका शर्ट घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, अगदी असाच दुसरा हवा," की काकूंच्या डोळ्यांत वेगळीच चमक यायची. त्या तो शर्ट टेबलावर पालथा घालायच्या, तळहातानं सपाट करायच्या आणि नुसत्या बघत राहायच्या. माणसाचा उजवा खांदा उतरलेला असेल तर तो त्यांना शर्टात दिसायचा. डाव्या खिशात किल्ल्या ठेवायची सवय असेल तर त्या बाजूला आलेला झोल दिसायचा. नव्या शर्टात तेही सगळं उतरायचं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून म्हणायचं, "अरेच्चा, नवा कुठे वाटतोय हा!"

"मापाला दिलेला कपडा खोटं बोलत नाही," काकू म्हणायच्या. "तोंडी सांगितलेल्या मापावर मी कात्री चालवत नाही. पोट सगळेच आत घेऊन सांगतात."

काकू बोलायला खमंग. दुकानात मशीनचा आवाज कमी आणि हशा जास्त. म्हणून तर नात्यात त्यांचं नाव पडलं होतं तोंडाळ. आणि त्यांच्या यजमानांचं, देवमाणूस.

देवमाणसांची सगळी नोकरी वाचनालयात, पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर गेली. व्यसन नाही, शिवी नाही, आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. 'शांतता राखा' ही तिथली पाटी त्यांनी जणू घरी आणून भिंतीला ठोकली होती. सकाळी पेपर, संध्याकाळी परत तोच पेपर. बोट जिभेला लावून पान उलटायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा, घशात एक बारीक खाकरा काढायचा आणि परत पेपरामागे गडप.

"अहो, बघा ना, समोरच्यांनी दार निळं रंगवलं."

"हं."

"आज दुकानात काय गंमत झाली माहितीये?"

"हं."

"साखर कुठे ठेवलीत?"

"असेल तिथंच."

"लेक सुट्टीत येतोय, वरची खोली रंगवून घ्यायची का?"

"बघू."

एवढ्याशा शब्दांत लोक तार पाठवत असत. देवमाणसांनी त्यात अख्खा संसार केला.

आणि बघणाऱ्याला काय दिसायचं? नवरा शांत बसलाय आणि बायको एकटीच बडबडतेय. "माझा भाऊ म्हणून टिकला हो," थोरल्या नणंदबाई म्हणायच्या. त्यांना सगळे आक्का म्हणत. आक्कांनी एकदा कुणावर शिक्का मारला की तो कुठल्याच साबणानं निघत नसे.

काकूंवरचा शिक्का कपाचा होता.

त्या संध्याकाळी काकूंना दुकानात फोन आला. भावाचा. आई गेली. त्यांनी मशीनखाली अडकलेलं कापड तसंच सोडलं, शटर ओढलं आणि घरी आल्या. चपला काढायचंही भान नव्हतं. देवमाणूस खुर्चीत होते, पेपर उघडा. आक्का राहायला आलेल्या, आत पडल्या होत्या. काकू त्या पेपरासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, आई गेली."

"हं," पेपर म्हणाला. मग बोट जिभेला लागलं, पान उलटलं. "चहा झाला का?"

टेबलावर निळ्या काठाचा कप होता, सकाळच्या थंड चहाचा. तो देवमाणसांच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर फुटला. आक्का धावत बाहेर आल्या तेव्हा भिंतीवरून चहा ओघळत होता, भाऊ पेपर धरून भांबावला होता आणि वहिनी एक शब्द न बोलता दारातून बाहेर पडत होत्या. तासाभरानं काकूंच्या भावाचा घरच्या फोनवर निरोप आला, तेव्हा कुठे देवमाणसांना बातमी कळली.

म्हणजे आक्कांच्या हिशेबी आधी कप फुटला आणि मग आई गेली. हीच गोष्ट त्यांनी नात्यात घरोघरी नेली. "ज्या संध्याकाळी नवऱ्यावर कप फेकला ना, त्याच संध्याकाळी आई गेली तिची. देव डोळे मिटून बसत नाही हो! आणि माझा भाऊ बघा, काचा स्वतःच्या हातानं गोळा केल्या, एका शब्दानं बोलला नाही."

हे काकूंच्या कानावर आलं ते मामेसासूच्या घरी, भरल्या पंगतीत. त्यांनी हातातला घास खाली ठेवला नाही. चावून गिळला.

खरं काय ते त्या तेव्हाच सांगू शकल्या असत्या. पण मनात एक गाठ बसली. त्याला विचारू दे. 'का गं फेकलास?' एवढं एकदा त्याच्या तोंडून येऊ दे, मग सांगेन. दिवस गेले, वर्षं गेली, देवमाणसांनी विचारलं नाही. त्यांच्या लेखी तो विषय काचांबरोबर केरात गेला होता. काकूंनी मात्र कपाची उरलेली बशी फडताळात अगदी पुढे, उभी करून ठेवली. रोज चहाची भांडी काढताना दिसावी म्हणून. त्याला नाही दिसली तर निदान आपल्याला दिसावी म्हणून.

अशा घरात एक दिवस संशोधन शिरलं, ते एका कोटाच्या खिशातून.

दुकानात एक बाई कोटाच्या बाह्या आखूड करायला आल्या. बोलता बोलता कळलं, की त्या लग्नांवर अभ्यास करतात. लग्न कशानं टिकतं आणि कशानं मोडतं. काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"त्यात अभ्यास कसला? कापड चांगलं असेल तर टिकतं, नाहीतर उसवतं."

कोटवाल्या बाई हसल्या. "आम्हालाही आधी वाटायचं, भांडणं मोजली की कळेल. पण कडकडून भांडणारी कितीतरी जोडपी वर्षानुवर्षं मजेत नांदतात. आम्ही आता अगदी बारीक गोष्टी बघतो. एक जण म्हणतो, 'बघ ना, काय छान पाखरू बसलंय.' मग दुसरा बघतो का? की वर मानही करत नाही? एवढंच."

काकूंचा हात कोटाच्या बाहीत तसाच राहिला.

"आणि मान वर केली नाही तर?"

"एकदा नाही केली तर काही नाही. रोजच नाही केली, तर हळूहळू समोरचा माणूस बोलवायचं बंद करतो. किंवा ओरडायला लागतो. मग बघणाऱ्यांना फक्त ओरडणारा दिसतो."

काकूंनी बाहीला टाचणी लावली ती चुकून स्वतःच्या बोटात. रक्ताचा थेंब आला तो चोखत त्यांनी विचारलं, "आणि हे तुम्ही बघता कसं? पेपरवाल्यासारखे प्रश्न विचारून?"

"नाही. तोंडी सांगितलेलं खरं नसतं."

"हे मात्र बरोबर बोललात."

बाईंनी सांगितलं, की त्यांच्या केंद्रात एक छोटंसं घर मांडलेलं आहे. स्वयंपाकाचा ओटा, खुर्च्या, खिडकी, सगळं. जोडप्यानं सकाळी यायचं आणि संध्याकाळपर्यंत घरच्यासारखं राहायचं. छताच्या कोपऱ्यात कॅमेरे, पण त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही. नंतर बसवून दाखवतात, काय दिसलं ते. सध्या त्यांना मुरलेली जोडपी हवी होती.

"आमचं लोणचं घ्या," काकू म्हणाल्या. "चांगलं मुरलंय. बुरशी धरण्याइतकं."

देवमाणूस एरवी 'बघू' म्हणाले असते. पण आक्कांनी ऐकलं आणि उचलूनच धरलं. "जाच भाऊ! होऊन जाऊ दे दूध का दूध, पाणी का पाणी. शिकलेली माणसं आहेत, त्यांनाही दिसू दे तू काय काय सोसलंयस ते."

काकू मान खाली घालून शिवत होत्या. मनात पक्कं झालं होतं. बोलायचं नाही. तोंडाळ बायको बघायचीय ना? तोंड नाहीच उघडायचं. मापाला कपडा घरातच आहे, हातानं धुतलेला, इस्त्री केलेला, वर्षानुवर्षं डोळ्यांखालून गेलेला. झोलासकट उतरवायचा.

ठरल्या दिवशी दोघं त्या घरात गेली. वाटेत देवमाणसांनी पेपर घेतला होता. दार लागलं, ते चपला काढायला वाकले, तेवढ्यात काकूंनी तो त्यांच्या बगलेतून अलगद काढून घेतला, खिडकीजवळची खुर्ची धरली आणि उघडला.

देवमाणूस क्षणभर उभे राहिले. मग दुसऱ्या खुर्चीत बसले. त्यांना वाटलं असेल, चाळून देईल. काकूंनी बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.

घड्याळ टिकटिकत होतं. एरवी ही टिकटिक देवमाणसांना ऐकू येत नसावी, कारण तिच्यावर कुणीतरी बोलत असायचं. आज बोलणारी पेपरात होती. त्यांनी हात मांडीवर ठेवले, काढले, परत ठेवले. खिडकीतून पाहिलं. छताकडे पाहिलं, मग आठवलं की तिकडे बघायचं नाही.

"चहा?" शेवटी ते म्हणाले.

"हं," काकू म्हणाल्या.

तो 'हं' साधा नव्हता. नाकातून निघालेला, शेवटी किंचित दाबलेला. होकारही नाही, नकारही नाही. दाराला लावलेल्या कडीसारखा.

थोडा वेळ वाट बघून देवमाणूस उठले. ओट्यापाशी खुडबुड झाली. "अगं, साखर कुठे असेल?"

"असेल तिथंच."

चहा आला. फिकट, कोमट, वर सायीचा जाड पापुद्रा. काकूंनी पेपर खाली न घेता कप घेतला, घशात बारीक खाकरा काढला आणि दोन घोटांत संपवून कप बाजूला ठेवला. कसा झालाय ते सांगितलं नाही. देवमाणूस वाट बघत होते. काकूंना पेपराच्या कडेवरून ते दिसत होते, ओट्यापाशी रिकामी गाळणी हातात धरून उभे. हीच वाट, काकू मनात म्हणाल्या. नवा ब्लाउज शिवून, घालून तुमच्यासमोर उभी राहायचे तेव्हा मी हीच बघायचे.

दुपार कलली आणि देवमाणूस बोलायला लागले. आधी तुटक, मग भडाभडा.

"अगं, बघ ना, समोरच्या गच्चीवर एक माणूस एकटाच शिडी चढायला बघतोय. पडणार बघ तो. बघ, बघ!"

पेपरामागे काकूंची मान वळायला निघाली होती. मानेच्या शिरेला रग लागली. त्यांनी ती तशीच धरून ठेवली. "हं."

"पडला नाही. वाचला." थांबून ते म्हणाले, "तू बघितलं नाहीस."

पान उलटलं.

मग ते खुर्ची जवळ ओढून बसले आणि जे सांगू लागले ते काकूंनी जन्मात ऐकलेलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी निरोपाचं भाषण झालं. भाषण करणाऱ्या नव्या साहेबांना त्यांचं नाव धड घेता आलं नाही. नंतर ते घरी न येता स्टॉपवरच्या बाकावर बसून राहिले. एकामागून एक बस सोडली. "घरी येऊन सांगणार काय, हा प्रश्न पडला होता गं. इतकी वर्षं बसलो तिथं आणि सांगण्यासारखं काही नाही, असं वाटलं. तू विचारलंस, कसा झाला कार्यक्रम. मी म्हटलं, झाला."

पेपरातली अक्षरं काकूंना दिसेनाशी झाली. हेच तर हवं होतं. हे एक वाक्य त्या संध्याकाळी मिळालं असतं, तर त्यांनी मशीन बंद करून, हातातलं टाकून, रात्रभर ऐकलं असतं. आज मिळत होतं, आणि आजच घ्यायचं नव्हतं. सूड म्हणजे काही फुकट मिळणारी वस्तू नाही, तिची शिलाई आपल्याच अंगावर बसते, हे त्यांना तेव्हा कळलं. पण कात्री लावून झाली होती. कापलेलं कापड परत जोडता येत नाही.

"हं," काकू म्हणाल्या. आणि पान उलटलं.

"ऐकतेयस का तू?"

"ऐकतेय की."

"काय ऐकलंस?"

"तेच. तुमचं."

देवमाणसांनी झडप घालून पेपर हिसकावला, त्याचा बोळा केला आणि जमिनीवर आपटला. "माणूस आहे मी!" ते ओरडले. आवाज फाटला, कारण तो कधी वापरलेला नव्हता. "भिंत नाहीये, माणूस आहे! सकाळपासून बोलतोय मी!"

काकू वाकल्या. बोळा उचलला, मांडीवर घेतला, तळहातानं हळूहळू सपाट केला, जसा मापाचा शर्ट करायच्या तसा. आणि वाचू लागल्या.

 देवमाणूस त्याच संध्याकाळी आक्कांकडे गेले, आणि तिथं म्हणे बोलले, बोलले, नुसते बोलत राहिले. केंद्रातून बोलावणं आलं तेव्हा त्यांनी विचारलं, बहिणीला आणलं तर चालेल का? चालेल म्हणाले. काकूंना कळलं तेव्हा त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता नुसतं हुंकारलं. त्यांना आक्का हव्याच होत्या. बोलवायला जीभ धजत नव्हती, ते काम परस्पर झालं होतं.

खोली लहान होती. एक पडदा, चार खुर्च्या. कोटवाल्या बाई तोच कोट घालून आल्या होत्या, बाह्या नीट बसल्या होत्या. त्यांनी थोडे तुकडे दाखवले. शिडीचा. साखरेचा. बाकाचा. पेपराचा. आक्कांनी पडद्यावर भावाचा फाटलेला आवाज ऐकला आणि रुमाल डोळ्यांना लावला.

बाई जरा चाचरतच बोलू लागल्या. "या दिवसापुरतं बोलायचं तर, सर सारखी हाक घालताहेत. काकू जवळजवळ कधीच ओ देत नाहीत. सर मन मोकळं करतात तिथंही नाही. असं जिथं दिसतं, तिथं आम्हाला नात्याची काळजी वाटते." त्या काकूंकडे बघून थांबल्या. दुकानातल्या काकू आणि पडद्यावरच्या काकू यांचा त्यांना मेळ लागत नव्हता, हे चेहऱ्यावर स्पष्ट होतं. "मला जरा आश्चर्य वाटलं खरं."

"आम्हाला नाही वाटलं," आक्का म्हणाल्या. "ऐकलंस ना वहिनी? मी सांगत होते तर वाईट दिसत होते. आता मशीननं सांगितलं."

"सर, तुम्हाला तो दिवस कसा गेला?" बाईंनी विचारलं.

देवमाणूस खुर्चीत पुढे सरकले. "काय सांगू तुम्हाला. रागावली असती, बोल लावला असता तरी चाललं असतं. पण हे… आपण आहोत की नाही असंच वाटायला लागतं. शिडीवरचा माणूस दाखवला, तर बघितलं नाही. अहो, शिडी काय, बघायला काय पैसे पडतात?"

"अजून सांगा," काकू म्हणाल्या. त्या खोलीतलं त्यांचं हे पहिलं वाक्य. उसवताना घाई करायची नसते, टोक हाती आलं की धागा सबंध येऊ द्यायचा, हे त्यांच्या बोटांत मुरलेलं होतं.

"सांगतोच. मनातलं सांगितलं मी. कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि हिनं पान उलटलं! काळजावर पाय दिल्यासारखं झालं. एका दिवसात मी वेडा व्हायचा राहिलो. असं माणसानं जगायचं कसं?"

"झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं."

"बाई, तुम्ही म्हणालात, तोंडी सांगितलेलं खरं नसतं. हे मात्र खरं आहे, शब्दन् शब्द. लिहून घ्या." काकूंनी पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, मग कपाळावर सरकवला. हवेतच पेपर उघडल्यासारखे हात धरले. बोट जिभेला लावलं. खाकरा काढला.

"हं," त्या म्हणाल्या. "असेल तिथंच. बघू. ऐकतोय की."

आणि आक्का फस्सकन हसल्या.

हसायचं नव्हतं त्यांना. पण तो खाकरा इतका हुबेहूब होता, ते पान उलटणं इतकं भावाचं होतं, की लहानपणापासून ओळखीचा माणूस अचानक भलत्याच दारातून आत यावा तसं झालं. हसू बाहेर पडलं, आणि मग आपण कुणाला हसलो ते आक्कांच्या ध्यानात आलं. रुमाल तोंडावर गेला तो तिथंच राहिला.

"शर्ट यांचाच आहे," काकू बाईंना म्हणाल्या. "मी फक्त एक दिवस अंगात घालून दाखवला. एका दिवसात त्यांना काचला. मला लग्न झाल्यापासून काचतोय."



"आता कपाचं," काकू म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरा, असं ऐकणाऱ्याला वाटावं. "कप मी फेकला. त्याच्या आधी मी काय म्हणाले होते?"

"केव्हा?"

"कप फेकायच्या आधी. तुमच्यासमोर उभी राहून. आठवा."

त्यांनी आठवून पाहिलं. मनापासून पाहिलं, ते दिसत होतं. कपाळाला आठ्या पडल्या, नजर छताकडे गेली. तिथं काही नव्हतं.

"'अहो, आई गेली,' असं म्हणाले होते. भावाचा फोन दुकानात आला होता. तुम्ही म्हणालात, हं. पान उलटलंत आणि विचारलंत, चहा झाला का."

 पडद्यावर काकूंची थांबलेली आकृती पेपरामागे तशीच बसलेली होती. देवमाणसांचा चेहरा एका बाजूनं ढासळल्यासारखा झाला. ओठ हलले. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंड वर्षानुवर्षं ज्या वाटेनं गेलं होतं त्याच वाटेनं गेलं.

"हं," ते म्हणाले.

स्वतःचा तो हुंकार त्यांनी स्वतः ऐकला. बहुधा पहिल्यांदाच. ऐकून असे दचकले, की खुर्ची मागे सरकली.

कोटवाल्या बाईंनी समोरचे कागद मिटले.

"मला काय माहीत गं?" आक्का रुमालाआडून म्हणाल्या. "मी आत होते. मी जे बघितलं ते—"

"ते सांगितलंत. देव डोळे मिटून बसत नाही, हेही सांगितलंत. माझ्या आईच्या मरणाला तुम्ही माझी शिक्षा केलीत, आक्का. माहीत नसताना एवढं सांगायला जमलं, आता तर माहीत आहे. आता सोपं जाईल. जिथं जिथं पहिला भाग सांगितलात, तिथं तिथं जाऊन उरलेला सांगायचा."

"अगं, इतक्या वर्षांनी लोकांच्या लक्षात तरी असेल का!"

"असेल. तुमचं सांगणं पक्कं असतं."

त्यानंतर आक्का नात्यात कुणाकडेही गेल्या, की काकू पाठोपाठ दुकान बंद करून जायच्या. बोलायच्या नाहीत. कोपऱ्यात बसायच्या, एखाद्या पोराच्या शर्टाचं बटण लावत, आणि आक्कांकडे बघत राहायच्या. आक्का हवापाण्यावर बोलत, गुडघ्यांवर बोलत, जिन्यांवर बोलत. काकू दातांनी दोरा तोडत. त्या कटकन आवाजाला आक्का दचकत आणि म्हणत, "बरं का, तो कपाचा किस्सा… त्यात थोडं राहिलं होतं सांगायचं." मामेसासूच्या घरी तर त्यांना दोनदा सांगावं लागलं, कारण मामेसासूंना कमी ऐकू येतं. तिसऱ्यांदाही सांगा, असं काकूंनी सुचवलं. त्या दिवशी काकू तिथं फार चवीनं जेवल्या.

कोटवाल्या बाईंनी निरोप पाठवला, की तो दिवस अभ्यासात धरता येणार नाही, पुन्हा एकदा याल का, खरंखुरं वागायला? काकूंनी कळवलं, त्याहून खरं आमच्याकडे काही नाही.

देवमाणूस आता बोलतात. संध्याकाळी दुकानात येतात, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसतात आणि दिसेल ते दाखवत सुटतात. "अगं, बघ ना, त्या कुत्र्यानं चप्पल पळवली." काकूंना वाटलं तर बघतात. नाही वाटलं तर पायपट्टीवर पाय दाबतात आणि मशीन असं घरघरतं, की स्टुलावरच्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसावेत. मग देवमाणूस थांबतात, आवाज बंद व्हायची वाट बघतात आणि परत पहिल्यापासून सांगतात. त्यांना ती वाट बघताना पाहून काकूंच्या पोटात काहीतरी गार गार होत जातं, उन्हातून आल्यावर पाणी प्यायल्यासारखं. अजून तहान भागलेली नाही, हे मात्र त्या मोकळेपणी सांगतात.

परवा सकाळी चहा करायला काकू ओट्याशी गेल्या, तर ती फडताळातली बशी बाहेर टेबलावर होती आणि तिच्यावर एक कप. कोराकरकरीत, निळ्या काठाचा. देवमाणूस बाजूला उभे, दोन्ही हात पाठीमागे.

"का फेकलास, असं मी तेव्हाच विचारायला हवं होतं," ते म्हणाले.

काकूंनी कपाला बोट लावलं. तो डुगडुगला. बूड मोठं होतं, बशीच्या खळग्यात बसत नव्हतं. निळाही तो निळा नव्हता.

"दुकानात जाताना मापाला बशी न्यायची होती," काकू म्हणाल्या.

देवमाणसांनी ऐकलं. पूर्ण वाक्य, पहिल्या खेपेला. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. मग त्यांनी त्या दिवसाचा न उघडलेला पेपर घेतला, त्याचं वरचं पान फाडून बशी नीट गुंडाळली, पिशवीत घातली, चपला चढवल्या आणि निघाले.

त्या काठाचे कप करणारा कारखाना कधीच बंद पडला होता. काकूंना ते ठाऊक होतं. त्यांनी स्वतः गावातलं एकूण एक दुकान केव्हाच पालथं घातलेलं होतं. देवमाणूस कोपऱ्यावर दिसेनासे होईपर्यंत त्या खिडकीत उभ्या राहून बघत होत्या, आणि तोंड उघडून हाक मारायला पुष्कळ वेळ होता.

त्यांनी चहा गाळला, एकटीनंच घेतला. हिंडू दे.